पत्राच्या मालकाला ऐकवलं का?

इरा आणि सोहम,

आत्याआजीच्या आठवणीसाठी सगळे ऑनलाइन जमणार आहेत, तर मी इंग्रजीत अर्धं पान लिहून पाठवावं, असं तुम्ही दोघांनी फोनवर सांगितलंत. मी लिहायला बसले. जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेव्हा अर्ध्या पानाचं काय मोठं, असं वाटलं होतं. पण जे उतरलं ते वाचून मीच घाबरले. 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू'ने सुरुवात आणि 'थँकिंग यू'ने शेवट. तुमची आत्याआजी कुमुद म्हणजे जणू रद्द झालेली एखादी ऑर्डर. तो कागद मी फाडून टाकला.

म्हणून हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला मराठी ऐकून कळतं, वाचताना अडखळायला होतं, हे मला ठाऊक आहे. अडेल तिथे बाबांना विचारा. तुम्ही सावकाश वाचा, घाई मला आहे. तिला जाऊन महिनाही झाला नाही आणि तिचा आवाज माझ्या कानात आत्ताच फिका व्हायला लागला आहे. ती काय म्हणायची ते आठवतं, कसं म्हणायची ते निसटतं. आणि मागच्या आठवड्यात या घरातून एक पत्र गेलं. ती नसताना गेलेलं ते पहिलंच पत्र. इरा, तू त्यात होतीस. पण त्याचं पुढे काय झालं हे ज्या बाईला सांगायला हवं तिला सांगायचं राहिलं आहे. तेव्हा आता मी तिच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

कुमुद, आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे मोकळी होईन.

तू गेलीस त्या दुपारी नातेवाइकांच्या ग्रुपवर मी निरोप टाकला. इंग्रजीत टाकला, कारण ग्रुपवरच्या अर्ध्या पोरांना देवनागरी वाचायचा कंटाळा. संध्याकाळी सगळं आटोपून घरी आले, चहाचा कप हातात घेतला आणि फोन उघडून पाहिलं, तर 'द लास्ट राइट्स'च्या पुढे मी 'आर'ऐवजी 'इज' लिहिलं होतं. खाली ओळीने जोडलेले हात. पुण्याहून, इंदूरहून, मेलबर्नहून. इतक्या लोकांनी वाचलं आणि एकानेही काही म्हटलं नाही. म्हणणार तरी कोण अशा वेळी? मला मात्र तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला. "वहिनी, मरून मी राहिली अन् व्याकरण तुझं गेलं?"

हसू आलं आणि मग एकदम धस्स झालं. कारण ही चूक मी पाहिली ती उशिरा. याआधीच्या किती मला दिसल्याच नसतील?

तेव्हापासून माझा माझ्या वाक्यांवर भरवसा उरलेला नाही. गॅस बंद केल्यावर परत जाऊन बटण चाचपते. कडी लावली की ओढून बघते. तसंच लिहिण्याचंही झालं आहे. दूधवाल्याला दोन ओळींचा मेसेज पाठवायचा तरी चष्मा पुसून पुन्हा वाचते, आणि पुन्हा वाचलं की ते शब्दच अनोळखी दिसायला लागतात. 'इज' बघत बसलं की ते इंग्रजी आहे असंही वाटेनासं होतं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आहे, डोळ्यांचा काही दोष नाही. मी त्यांना सांगितलं नाही की डोळ्यांवर माझा संशय नाहीच. माझ्या दुरुस्तीला शेजारी एक कान बसलेला असायचा, तो गेला आहे.

तुझा तो कान. थंडीत चेरीतालच्या आपल्या घरात पुढच्या खोलीत तू मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसायचीस आणि मी विद्यार्थ्याचं पत्र मोठ्याने वाचायची. कॉमा आला की कॉमा म्हणायचं, फुलस्टॉप आला की फुलस्टॉप. तुझी मान खाली, हात सुरू, दाणे परातीत टपटप पडत असत. चुकीचं क्रियापद आलं की हात थांबायचा. तू वर बघायचीही नाहीस. नुसती टपटप बंद. मी मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचायची. नियम मला पाठ होते, तुला ते नावानिशी कधीच सांगता आले नाहीत. खमरियाच्या फॅक्टरीत सबंध नोकरी टाइपरायटरपुढे गेली तुझी. दुसऱ्यांची पत्रं बोटांतून इतकी गेली होती, की चुकलेलं वाक्य तुला खडा लागावा तसं लागायचं.

मी शाळेतून निवृत्त झाले, मग तू फॅक्टरीतून. "आता काय दोघी मिळून सून शोधत बसू?" असं तू म्हणालीस आणि आपण शनिवारचा वर्ग सुरू केला. ऑफिसचं इंग्रजी, पत्रं आणि अर्ज. शिफ्ट सुटल्यावर हेल्मेट काखेत घेऊन येणारी खमरियाची मुलं, बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली, एखादा दुकानदार. मी फळ्यावर कर्ता आणि क्रियापद लिहायची. एकाला 'इज', अनेकांना 'आर'. कळायला सोपं, पण पत्रात उतरलं की हमखास घसरणारं. कारण ऑफिसच्या वाक्यात कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला, आणि मधे सगळी वरात.

त्यावर तू ती पट्टी काढलीस. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून केलेली. कुणीतरी लिहून आणायचं की अमुक तारखेला आलेल्या, तमुक खोक्यांतल्या बोल्टांची क्वालिटी 'आर' खराब. तू मधल्या वरातीवर पट्टी ठेवायचीस. उरायचं फक्त 'क्वालिटी' आणि 'आर'. पोरगा स्वतःच हसायचा आणि खोडायचा. आणि 'लिस्ट ऑफ पार्ट्स आर एन्क्लोज्ड' लिहिणाऱ्या त्या दुकानदाराला तू काय म्हणालीस ते आठवतं? "भैया, लिस्ट जोड़ी है ना? पार्ट्स जोड़ोगे तो सामनेवाला लिफाफा हिलाकर देखेगा, नट-बोल्ट बजते हैं क्या." पुढचा महिनाभर तो पाकीट कानाशी हलवूनच आत यायचा.

आणि तो नवा बाबू, जो प्रत्येक अर्जात जनरल मॅनेजरपुढे 'आर' लिहायचा. मी खोडायची, तो पुन्हा लिहायचा. मला वाटलं, डोक्यात शिरत नाही याच्या. मी आवाज चढवला तेव्हा तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मैडम, साहब के लिए 'है' कैसे लिख दें? बुरा मान गए तो?" हिंदीत साहेब येतात, बसतात, रागावतात, सगळं बहुवचनात. आपल्या मराठीतही तसंच. एका माणसाला एकवचन लावणं म्हणजे त्याला अरेतुरे करणं. हे इंग्लंडात कुणाला सुचणार नाही असं भय होतं त्या पोराचं. तू परात बाजूला ठेवलीस. म्हणालीस, "बेटा, अंग्रेज़ी में साहब एक ही होता है. कितना भी बड़ा हो. इज्ज़त ऊपर 'रिस्पेक्टेड सर' में दे दी ना तुमने, बस." तो गेल्यावर मला म्हणालीस, "तू काहून चिडून राहिली होती? नोकरी नवी आहे त्याची. भीती वाटून राहिली त्याला, अन् तू नियम सांगून राहिली."

मी म्हटलं, नियम सांगणं हे माझं कामच आहे.

"हो ना बाप्पा. कर तू तुझं काम. चहा टाकते मी."

असं आपलं चालायचं. भांडणही त्यातच. 'स्टाफ' एक की अनेक, 'कमिटी' एक की अनेक, यावर आपण कितीदा वाद घातला. मी म्हणायची, एका पत्रात एकच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच चालवा. तू म्हणायचीस, वाचणाऱ्याला खुपलं नाही म्हणजे झालं. हे वाद मला आवडायचे, खरं सांगते. जेवताना तोंडी लावायला असावेत तसे ते होते.

खरा वाद दुसरा होता, आणि तो मात्र मिटला नाही.

दोघींनी वाचून झालं, क्रियापदं तपासून झाली, की माझ्या लेखी पत्र तयार. तुझ्या लेखी नाही. तू ते पत्र ज्याचं असेल त्याच्याकडे वळायचीस. तू त्याला पत्राचा मालक म्हणायचीस. समोर मळकट स्वेटर घातलेला शिपाई असो नाहीतर पेन्शनीतले ओव्हरसिअर असोत, मालक तो. आणि मग त्याला समजेल त्या भाषेत तू अख्खं पत्र सांगायचीस. यात असं लिहिलं आहे की तुम्ही अमुक तारखेपासून आजारी होता. यात असं म्हटलं आहे की तुम्ही तमुक कराल. आहे का हे तुमचं? माणसं मान डोलवायची, हो हो म्हणायची. तू तेवढ्यावर सोडायची नाहीस. "पुरा सुनो. साइन तुम्हारी है." बाहेर ओट्यावर पुढची माणसं ताटकळत, चहा गार झालेला, माझा जीव वरखाली. मला ते सगळं वरचं काम वाटायचं. त्यांनीच तर आपल्याला तोंडी सांगितलेलं असतं, मग त्यांचंच त्यांना परत काय ऐकवायचं?

शेवटचा वाद दिवाळीच्या थोडं आधी झाला. कोपऱ्यावरचे काका नळाच्या पाण्याबद्दल अर्ज घेऊन आले होते. तुला खोकल्याने नीट बसवत नव्हतं. अर्ज मी लिहिला, तू भिंतीला टेकून ऐकलास, आणि मग त्यांना समजावून सांगायला लागलीस. दोन वाक्यं बोललीस की उबळ. पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा उबळ. मला ते बघवेना. मी काकांच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, या तुम्ही, सगळं नीट आहे.

ते गेल्यावर तू विचारलंस, "झालं?"

"कर्ता, क्रियापद, तारीख, सगळं बरोबर आहे. अजून काय पाहिजे?"

"पत्राच्या मालकाला ऐकवलं का?"

"कुमुद, ते घाईत होते. आणि तुला धाप लागतेय."

"अच्छा. मंग ते पत्र तुझं झालं, वहिनी. त्यांचं नाही." आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलीस.

त्यानंतर दवाखाना. तिथे आपण काय बोललो? मोसंबी आंबट आहे, सिस्टर हाताने जड आहे, खिडकी लावू का. वाद कुणीच पुढे नेला नाही. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आणि त्या दिवसापुरतं आजही वाटत नाही. तुझा खोकला मला अर्जापेक्षा मोठा होता. पण तू भिंतीकडे तोंड केलंस ते अजून डोळ्यांपुढे आहे, आणि त्यावर तुला उत्तर द्यायचं राहून गेलं.

आता त्या पत्राचं.

तुझा तेरावा झाला आणि दोनच दिवसांनी दारात रजनी. मझौलीहून बसने वर्गाला यायची, मला बड़ी दीदी आणि तुला छोटी दीदी म्हणायची ती रजनी, आता तिकडच्या बायकांच्या गटाची पुढारी झालेली. गटाचा मटार नागपूरच्या एका मोठ्या खरेदीदाराकडे जातो, हे तुला माहीत होतंच. त्याच्या पहिल्या ऑर्डरचं पत्र तूच तिला समजावलं होतंस. ती तुझ्या फोटोपुढे बसली, डोळे पुसले, आणि मग पिशवीतून कागद काढून तो कितीतरी वेळ हातातच धरून राहिली.

"बड़ी दीदी, आप लिख देंगी? नहीं तो..."

"नहीं तो क्या?"

"नहीं तो मोबाइल से लिखवा लेंगे. आजकल सब लिखवाते हैं."

"तो लिखवा ले. अच्छा लिखता है वो."

"लिखता तो अच्छा है, दीदी. पर छोटी दीदी पूछती थीं."

मी ते वाक्य ऐकलं आणि पुढे गेले. तुला लोक मानत होते, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला.

खरेदीदाराचं म्हणणं असं, की गेल्या खेपेत बऱ्याच गोण्यांमध्ये शेंगा जून निघाल्या, पिवळ्या पडलेल्या. असं का झालं ते कळवा, संपूर्ण माल बदलून द्या, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर मोसमातला पुढचा माल आम्ही दुसरीकडून घेऊ. रजनी म्हणाली, गटातल्या बायकांनी यंदा दुसरं काहीच पेरलेलं नाही. सगळ्या शेतांत मटारच. मी काय झालं ते विचारून घेतलं. तोडणीला चार दिवस उशीर झाला होता, कारण गाडी मिळाली नाही. तिला म्हटलं, जा तू, शुक्रवारी सकाळच्या बसने ये, पत्र तयार असेल.

आणि मग बुधवारची दुपार, सबंध गुरुवार मी त्या एका पानाशी झुंजले. पत्र वाईट नव्हतं. कारण सरळ सांगितलं होतं, दिलगिरी एकदाच, हांजी हांजी नाही. अडकले ते एका वाक्यावर. माल बदलून देण्याचं वाक्य आपल्या वर्गाच्या नमुना-वाक्यांच्या तक्त्यावर तयार आहे, तक्रारीच्या उत्तरात ते असतंच. 'द एन्टायर लॉट ऑफ सॅक्स इज बीइंग रिप्लेस्ड.' मी ते उचलून ठेवलं आणि 'इज'शी थांबले. लॉट एक, म्हणून 'इज'. पण गोण्या किती तरी, त्या कानाला 'आर'कडे ओढतात. मी तुझी पट्टी काढली, गोण्यांवर ठेवली. लॉट, इज. बरोबर. पट्टी काढली की पुन्हा शंका. 'लास्ट राइट्स'च्या वेळीही मला बरोबरच वाटलं होतं. रजनीच्या बायकांची शेतं एका बाजूला आणि माझं एक क्रियापद दुसऱ्या बाजूला, असं मला वाटायला लागलं. नागपूरचा कुणी साहेब हे वाचेल, चूक बघून हसेल, आणि म्हणेल, या बायकांकडून काय माल घ्यायचा. गुरुवारी संध्याकाळी भाजी करपली तेव्हाही माझ्या ओठांवर तेच वाक्य होतं.

ऐकायला कुणी हवं होतं. शेजारच्या भाभींना इंग्रजी येत नाही. शेवटी आपल्या इराला फोन केला. तुझी लाडकी, म्हणून तुझ्या जागी तिला बसवायचं धाडस केलं.

शुक्रवारी सकाळी रजनी आली. मी लॅपटॉप उघडला, तिकडे मेलबर्नला दुपार कलत होती. मी छापलेला कागद धरला, इराच्या पुढे तोच मजकूर. मी रजनीपुढे मटाराची परात सरकवली, सवयीने. ती म्हणाली, "दीदी, सुबह से शाम यही करते हैं. यहाँ भी?" परात माझ्याच मांडीवर आली.

"आजी, मी ते आधीच कॉम्प्युटरमध्ये टाकून बघितलं," इरा म्हणाली. "नो मिस्टेक्स. पाठवून दे ना."

"मोठ्याने वाच."

"कॉमा पण म्हणायचा?"

"कॉमा पण."

मागून सोहम ओरडला, "फुलस्टॉप मी म्हणणार." आणि खरंच, ती वाचत गेली आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो लांबून फुलस्टॉप देत गेला. मी सोलत होते, नखं दुखत होती, दाणे खाली पडत होते. 'इज बीइंग रिप्लेस्ड' आलं आणि गेलं. माझा हात थांबला नाही. इराचा आवाज अडला नाही. पान संपलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला. मी रजनीला म्हटलं, भेज दे.

तिने फोन हातात घेतला. इतक्यात इरा म्हणाली, "पण आजी, आत्याआजी मग काहीतरी करायची ना? आम्ही लहानपणी यायचो तेव्हा? ती त्या माणसाला नंतर गोष्ट सांगायची."

"कसली गोष्ट?"

"माहीत नाही. हिंदीत. ती माणसं एकदम शांत बसून ऐकायची. मला वाटायचं गोष्ट आहे."

कुमुद, मी परात खाली ठेवली. रजनीकडे बघितलं. तिचा अंगठा फोनवर तसाच. मी म्हटलं, रुक. आणि कागद उचलून पहिल्या ओळीपासून तिला हिंदीत सांगायला लागले. तुझ्यासारखं मला जमत नाही, माझी हिंदी शाळेतल्या सूचनेसारखी येते. तोडणीला उशीर झाला हे आपण मान्य केलं आहे. रजनीने मान हलवली. यापुढे गाडी आधी ठरवू असं म्हटलं आहे. पुन्हा मान. गेल्या खेपेचा संपूर्ण माल बदलून पाठवत आहोत.

"पूरा?"

"हाँ, पूरा. उन्होंने माँगा है."

"दीदी, पूरा कहाँ से देंगे? वो तुड़ाई तो हो गई. अभी खेत में आधे का भी मुश्किल से है. बाकी तो अगली तुड़ाई में आएगा, दस-बारह दिन लगेंगे. पाला पड़ गया तो वो भी नहीं."

"तूने पहले क्यों नहीं बताया?"

ती अगदी सरळपणाने म्हणाली, "आपने पूछा नहीं था."

मी ज्या वाक्याला दोन दिवस चिमटीत धरून बसले होते त्या वाक्याचं व्याकरण निर्दोष होतं. कॉम्प्युटरनेही तेच सांगितलं, इराच्या आवाजानेही. आणि ते वाक्य खोटं होतं. तक्त्यावरून उचललेलं, कुणाचंच नसलेलं वाक्य, आणि त्याखाली रजनी सही करून मोकळी होणार होती. आठ दिवसांनी नागपूरला अर्धाच माल पोचला असता, आणि मग कुठलं पत्र तिला वाचवणार होतं?

मी ते खोडलं. आम्ही तिघींनी मिळून नवं लिहिलं. अर्धा माल लगेच पाठवतो, उरलेला पुढच्या तोडणीत, हवामानाने साथ दिली तर. इरा म्हणाली, "आजी, 'हवामानाने साथ दिली तर' हे लिहिलं तर वीक वाटेल." मी रजनीला विचारलं. ती म्हणाली, "सच तो यही है." ठेवलं. मग मी पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिला सगळं सांगितलं. ती तुझ्या फोटोखाली भिंतीला पाठ लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हाँ. इतना हम कर देंगे." आणि पाठवून दिलं. दुपारच्या बसला तिला धावावं लागलं.

सोमवारी तिचा फोन आला. नागपूरहून उत्तर होतं. पहिला अर्धा पाठवा, तो बघू, आणि मग उरलेल्याचं ठरवू. एवढंच. पुढच्या मालाबद्दल एक अक्षर नाही. अर्धा काल गेला. मझौलीला रात्री गारठा वाढतो आहे, आणि मी सकाळी वर्तमानपत्रात आधी पाल्याची, म्हणजे पीक जाळणाऱ्या गोठलेल्या दवाची, बातमी शोधते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, आता शेतकरीण होऊन राहिली काय?" काळजी जात नाही, कुमुद. पण आता ती निदान खऱ्या गोष्टीची काळजी आहे. पाल्याची. 'इज'ची नाही.

एक भीती मात्र तशीच आहे. इराने विचारलं नसतं तर? मी दुपारी आडवी होते तेव्हा हाच प्रश्न छातीवर येऊन बसतो. ती दर वेळी असणार नाही. पोरीची परीक्षा आहे, तिचं आयुष्य आहे. तिचा बाबा म्हणतो, आई, आता वर्ग बंद कर आणि इकडे ये, एकटी काय करतेस तिथे. तो बोलतो त्यात मायाच आहे. मी त्याला सांगितलं आहे, मटाराचा मोसम होऊ दे. त्याला ते कारण कळलं नाही. फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

भिंतीकडे तोंड करून तू जे बोललीस त्याचं माझं उत्तर असं. पाण्याच्या अर्जाबद्दल मी अजूनही तुझ्याशी भांडेन. त्या दिवशी तू झोपायला हवं होतंस. पण बाकीच्या सगळ्या शनिवारांबद्दल तू बरोबर होतीस. मला वाटायचं, आपण दोघी मिळून पत्र तपासतो. मी वाक्य तपासत होते, आणि तू ते वाक्य कुणाच्या गळ्यात पडणार आहे ते तपासत होतीस. हे तुला सांगायला हवं होतं. तुला आवडलं असतं, मग तू "चलो, चहा टाकते" म्हणून विषय बदलला असतास.

काल कोपऱ्यावरचे काका आले होते. पाणी अजून येत नाही, स्मरणपत्र हवं म्हणाले. मी जुना अर्ज काढून त्यांना आधी सगळा वाचून दाखवला, मराठीत. मधेच ते म्हणाले, "अहो, पण आमच्याकडे पाणी सकाळी येतं. संध्याकाळी नाही येत." अर्जात दोन्ही वेळचं लिहिलं होतं. मी तुझ्या फोटोकडे बघितलं नाही. मुद्दामच.

पट्टी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, एका कडेने तुझ्या बोटांनी मऊ झालेली. शनिवारी वर्ग भरतो, माणसं थोडी येतात. माझ्या 'इज' आणि 'आर'वर माझा पूर्वीसारखा भरवसा राहिलेला नाही आणि तो परत येईल असं वाटत नाही. पण या घरातून पत्र अजूनही ज्याचं आहे त्याला ऐकवूनच जातं.